तळहाताला विचारून

"सगळ्यात जाड गादीवाले दाखवा." सायकलचे हातमोजे घ्यायला आलेल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. पाकीट हातात पडलं की अंगठ्याने तळव्यावरची जेलची गादी दाबून बघतात. ती आत जाऊन परत वर आली की मान समाधानाने हलते आणि किमतीची चौकशी सुरू होते. वर्ध्यात आर्वी नाक्याच्या बाजूला आमचं सायकलचं दुकान आहे. दुरुस्तीचं काम नवरा आणि कारागीर बघतात, काउंटर मी सांभाळते. ग्राहक गादी दाबत असतो तेव्हा मी शिंप्याची टेप काढते आणि म्हणते, "आधी हात द्या."

माप घ्यायचं ते चार बोटांच्या मुळाशी, मूठ आवळल्यावर जी हाडं वर येतात त्यांच्यावरून, अंगठा सोडून. ज्या हाताने लिहितो तो हात थोडा मोठा असतो, म्हणून त्याचं माप धरायचं. शक्यतो संध्याकाळी. वर्ध्याच्या उन्हाळ्यात दिवसभर उन्हात फिरलेला हात सुजल्यासारखा होतो. सकाळी अगदी बरोबर बसलेला मोजा संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात रुततो, मग माणूस मोज्याला नावं ठेवतो. पाकिटावरच्या मापावर मी विसंबत नाही. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एस इतका निघतो. मोजा चढवल्यावर मी ग्राहकाला काउंटरजवळच उभ्या असलेल्या सायकलचं हँडल धरायला लावते. मूठ मिटल्यावर तळव्याचं कापड गोळा होऊन सुरकुती पडली, तर तो मोजा मोठा आहे. बोटं पूर्ण वाकवताना पाठीकडून ओढ बसली, तर लहान आहे. दोन्ही नसेल तरच पुढचं बोलणं.

बायकांच्या हातांची अडचण वेगळी. तळवा रुंद आणि बोटं आखूड असे हात आमच्याकडे पुष्कळ दिसतात. शेतात, घरात काम केलेले हात आहेत ते. तळव्याच्या मापाने मोजा दिला तर अर्ध्या बोटांचा मोजाही पेराच्या पुढे जातो आणि ब्रेक दाबताना मध्ये येतो. बोटाच्या मापाने दिला तर तळवा आवळतो. अशा वेळी मी तळव्याचं माप धरते आणि बोटांच्या कडा शिंप्याकडून अर्धा सेंटिमीटर आत दुमडून घेते. दहा मिनिटांचं काम असतं, पण त्यावाचून ती बाई आठवडाभरात मोजे कपाटात टाकून देईल.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले एक डॉक्टर आमच्याकडे सायकल सर्व्हिसिंगला आणतात. हातमोज्यांबद्दल मला जे काही नीट कळलं ते त्यांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर काढून दिलेल्या चित्रातून. मनगटाच्या आतल्या अंगाला, करंगळीच्या रेषेत दाबलं की वाटाण्याएवढं एक हाड बोटाला लागतं. त्याला लागूनच एक अरुंद वाट आहे. फेलिक्स गायॉन नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने 1861 साली तिचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर तिला गायॉनची नळी म्हणतात. कोपराला काही आपटलं की ज्या नसेमुळे झिणझिण्या येतात, तीच अल्नर नस खाली येऊन या वाटेने हातात शिरते. करंगळीची आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना तिच्याकडे. हातातल्या बहुतेक बारीक स्नायूंची हालचालही तिच्याकडेच. आणि सायकलवर पुढे वाकलेला माणूस आपल्या अंगाचा भार नेमका तिथे टाकतो. वर मांस थोडं, खाली हाड, मध्ये नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट सुन्न होत असेल तर प्रश्न वेगळ्या नसेचा. ती मनगटाच्या मधोमध जाते आणि मनगट मागे मोडून धरलं की दबते.

त्या दिवसापासून मी ग्राहकाला विचारते, "बोटं कोणती सुन्न पडतात?" गादीच्या जाडीपेक्षा याच्या उत्तराचा मला जास्त उपयोग होतो. हिंगणघाटकडून एक तरुण आला होता. नागपूरच्या मंडळींबरोबर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करायचा. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस, 600 चाळीस, असे त्यांचे वेळेचे कायदे असतात. 600 पुरी करून आल्यावर त्याला शर्टाचं बटण लावता येईना, गाडीची किल्ली फिरवता येईना. हात पुढे करून म्हणाला, "ताई, करंगळी आहे का नाई तेच समजून नाई रायलं." ताकद परत यायला त्याला कित्येक आठवडे लागले. त्याच्या हातात तेव्हा बाजारातले सगळ्यात जाड जेलचे मोजे होते.

मी ते उलटे करून बघितले. जेलची एकच अखंड गादी, मनगटाच्या घडीपासून तळव्याच्या मध्यापर्यंत पसरलेली. ज्या वाटेतून नस जाते, नेमका तिच्यावर या गादीचा सगळ्यात फुगीर भाग येत होता. हात टेकला की गादी दबायची आणि तिचा दाब थेट नसेवर. शिवाय गादी जाड असली की हँडलची मूठ जाड होते, ती धरून ठेवायला बोटांना जास्त जोर लावावा लागतो आणि हात लवकर थकतो. थकलेला माणूस तळव्यावर आणखी भार टाकतो. नीट विचार करून बनवलेल्या मोज्यात दोन वेगळ्या गाद्या असतात, एक करंगळीखालच्या मांसल उंचवट्यावर, एक अंगठ्याच्या बाजूला, आणि मध्ये खोलगट जागा मोकळी. भार मांसावर जातो, नस सुटते. अशी गादी तीन मिलिमीटरची असली तरी पुरते. फेस दाट हवा, दाबल्यावर तळाला न टेकणारा. त्या तरुणाला मी पातळ गादीचे, मध्ये खाच असलेले मोजे दिले. त्याला ते स्वस्तातले वाटले, आणि खरोखरच त्याच्या जुन्यांपेक्षा ते निम्म्या किमतीचे होते.

पण हातमोजे विकण्याआधी सायकल बघितल्याशिवाय मी राहत नाही, आणि यावरून घरात माझी आणि नवऱ्याची कधीकधी बोलाचाली होते. तो म्हणतो, गिऱ्हाईक मोजे मागतंय, मोजे दे. पण सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस पेडलगणिक पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. अशा सायकलवर जगातला कुठलाही हातमोजा उपयोगाचा नाही. सीट समतल केली, हँडल दोन बोटं वर घेतलं की निम्म्या लोकांच्या तक्रारी दुकानाच्या दारातच संपतात. उरलेल्यांच्या टायरमधली हवा बघायची. आमच्याकडे टायर दगडासारखं टणक होईपर्यंत हवा भरायची पद्धत आहे, कमी हवा म्हणजे आळशीपणा असं समजतात. वर्ध्यातले आणि आसपासचे बरेच रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत. दर चार-साडेचार मीटरला सांधा येतो. टणक टायर त्या प्रत्येक सांध्याचा ठोका जसाच्या तसा मनगटापर्यंत पोचवतं. हवा थोडी उतरवली की तो ठोका टायरातच विरतो. हे सगळं फुकट होतं. पवनारपर्यंत रोज पहाटे जाणारे एक निवृत्त काका मोजे घ्यायला आले आणि सीट सरळ करून, मोजे न घेताच गेले. त्यानंतर त्यांनी त्यांच्या गटातल्या सगळ्यांच्या सायकली आमच्याकडे आणल्या, म्हणून नवरा आता फारसं बोलत नाही.

मग हातमोजे घालायचेच कशाला, असंही कुणी विचारतं. त्यांना मी ऑक्टोबरातला रस्ता आठवायला सांगते. सोयाबीन निघालं की शेतकरी ते डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घालतात. त्यांना दुसरी सपाट, कोरडी जागा कुठे आहे? पण ते गोल, गुळगुळीत दाणे चाकाखाली आले की सायकल आडवी झालीच. पडताना माणूस हात पुढे करतो, ते शिकवून थांबत नाही. गुडघा सोलला तर चालता येतं. तळहात सोलला तर जेवता येत नाही, पाण्याचा तांब्या धरता येत नाही, आंघोळ दुसऱ्याने घालावी लागते. सेलूकडच्या एका शिक्षिकेचे दोन्ही तळवे असे सोलून निघाले होते. खडू धरता येईना म्हणून तिला रजा काढावी लागली. तळव्यावर नुसतं एक पातळ, चिवट कापड असतं तर खरचटणं त्या कापडावर गेलं असतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं एक छोटं हाड अशा पडण्यात मोडतं आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ते दिसेलच असं नसतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं. त्यावर मोज्याचा इलाज नाही. पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर मी लोकांना पुन्हा दवाखान्यात धाडते.

वर्ध्याचा उन्हाळा हा सगळ्या निवडीचा पाया धरावा लागतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. उन्हात उभ्या सायकलच्या लोखंडी हँडलला हात लावता येत नाही. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या माणसाने बनवलेला मोजा इथे तसाच चालेल, असं नसतं. पाठीचं कापड जाळीचं आणि ताणलं जाणारं हवं. अंगठ्याच्या पाठीवर टॉवेलसारखं मऊ कापड हवंच हवं, कारण आमच्याकडे डोळ्यात उतरणारा घाम पुसणं हे त्याचं मुख्य काम आहे. जोडीचं वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या वर गेलं की मी ती जोडी उन्हाळ्यासाठी सुचवत नाही. दुकानात हे वजन क्षुल्लक वाटतं. पण हलका मोजा म्हणजे कमी थर, आणि कमी थर म्हणजे कमी घाम, लवकर वाळणं. विदर्भातल्या मुली स्कूटीवर कोपराच्या वरपर्यंत येणारे सुती हातमोजे घालतात, डोक्याला स्टोल गुंडाळतात. सायकल चालवणाऱ्या मुली तेच घालून येतात. त्यांच्या पातळ सुती कापडाला तळव्यावर पकड नसते, घाम आला की मूठ हँडलवरून सरकते. त्यांना मी सांगते, तुमचे लांब मोजे तसेच राहू द्या, फक्त तळवा कापून टाका आणि वरून अर्ध्या बोटांचे सायकलचे मोजे चढवा. ऊन अडतं, पकड राहते. ही युक्ती मला एका कॉलेजच्या मुलीनेच दाखवली होती.

कापसाच्या गावात राहून कापडाबद्दल बोलताना मला जरा जपून बोलावं लागतं. हिंगणघाटच्या जिनिंगमधून सरकी वेगळी झालेल्या कापसाचे डोंगर बघत आम्ही मोठे झालो. सेवाग्राम, गोपुरी, मगनवाडी ही खादी-ग्रामोद्योगाची सगळी ठिकाणं हाकेच्या अंतरावर. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 रोजी केलं, आणि तिथे आजही खादीचं, नैसर्गिक रंगांचं काम चालतं. साहजिकच अनेकजण विचारतात, "हे प्लास्टिकचे कायले? सुती नाई का?" प्रश्न रास्त आहे. माझीही मनापासून इच्छा होती की उत्तर 'आहेत' असं असावं. म्हणून एका बचत गटातल्या बायकांकडून मी खादीचे नमुने शिवून घेतले. दिसायला देखणे, हाताला मऊ. पण सकाळी पवनारपर्यंत जाऊन येईस्तोवर ते चिंब व्हायचे, वजनाने दुप्पट लागायचे आणि दुसऱ्या दिवशी घामाच्या मिठाने कडक झालेले असायचे. कापूस हवेतला ओलावासुद्धा आपल्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. पांघरायला, नेसायला कापसाचा हा गुण हवाहवासा आहे. मुठीत आवळलेल्या, हवा न लागणाऱ्या तळव्यात तो अडचणीचा होतो, बेचक्यातली कातडी भिजून सोलवटते. हे मी ग्राहकाला स्पष्ट सांगते.

चामड्याचा प्रश्न वर्ध्यात त्याहून नाजूक आहे. जुन्या, महाग हातमोज्यांचा तळवा बकरीच्या चामड्याचा असतो. पकड छान, त्वचेसारखा वळतो. पण इथे काउंटरवर मोजा ठेवला की हमखास विचारणा होते, "हे कशाचं चामडं?" आश्रमांशी जोडलेली घरं आहेत, जैन आणि मारवाडी कुटुंबं आहेत, त्यांना ते माहीत करून घ्यायचं असतं. मला या प्रश्नाचा कधी कंटाळा येत नाही, कारण त्याला या मातीत मोठा इतिहास आहे. वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीत 1930 च्या दशकात चर्मालय चालायचं. गोपाळराव वाळुंजकरांनी ते उभं केलं. आपोआप मेलेल्या जनावरांचंच चामडं कमवायचं, आणि ज्या कामाला समाजाने अस्पृश्य ठरवलं ते शास्त्रशुद्ध आणि प्रतिष्ठेचं करायचं, असा तो प्रयत्न होता. गांधीजींचं त्याच्याकडे बारीक लक्ष असे. चामड्याच्या वस्तूकडे बघताना ती कुठून आली, कुणाच्या हातून आली हे विचारायची सवय वर्ध्याला तिथून आहे, असं मला वाटतं. कारखान्यातून आलेल्या मोज्याबद्दल या प्रश्नाचं खरं उत्तर मला देता येत नाही, म्हणून मी चामड्याचे मोजे ठेवणं बंद केलं. आमच्या हवेत तो निर्णय कामाच्या दृष्टीनेही बरोबर ठरला. घामाने भिजून, उन्हात वाळून चामडं पुठ्ठ्यासारखं होतं. चामड्यासारखं दिसणारं बारीक विणीचं कृत्रिम कापड धुता येतं आणि पुन्हा मऊ होतं. फक्त ते कडक उन्हात टाकायचं नाही. साध्या साबणाच्या पाण्यात हाताने धुवायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवायचं.

इथपर्यंत मी ज्यांच्याबद्दल बोलले ते सगळे मागून घेणारे लोक होते. पहाटे बॅचलर रोडवर, सेवाग्रामच्या रस्त्यावर रंगीत जर्सी घालून जाणारे. त्यांच्या आधी, अंधारातच, दुसऱ्या सायकली निघालेल्या असतात. वर्तमानपत्रं टाकणारे, रात्रपाळी संपवून परतणारे चौकीदार, आसपासच्या खेड्यांतून सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाला येणारे. वर्ध्याला सायकल नवी नाही. आरोग्यसेवेत काम करणारे डॉ. अभय बंग आणि त्यांचे मोठे भाऊ अशोक लहान वयात सायकलींवर पिपरी गावाकडे गेले होते, आणि पुढे काय करायचं ते तिथेच ठरलं. अशोकने शेती घ्यायची, अभयने आरोग्य. ती गोष्ट त्यांनीच सांगितलेली आहे आणि वर्ध्यातली पोरं ती ऐकत मोठी होतात. सायकल इथे कामाची वस्तू आहे. ज्याच्या हँडलला पुढे वर्तमानपत्रांच्या जड पिशव्या लटकलेल्या असतात, त्याच्या तळव्यावर छंदाने चालवणाऱ्यापेक्षा किती जास्त भार येत असेल? पण त्यांच्यापैकी कुणी मोजे मागायला आलेलं मला आठवत नाही. दुकानात ते पंक्चर काढायला, ब्रेकचं रबर बदलायला येतात. एका पेपरवाल्या भाऊंचा हात मी एकदा सुट्टे पैसे देताना बघितला. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस आत गेलेलं, खळगा पडलेला. डॉक्टरांनी चित्रात दाखवलेल्या नसेचंच ते काम, फार वर्षं दबून राहिलेल्या नसेचं. मी विचारलं तर म्हणाले, "वयानं झालं असन, ताई."

त्यांना मी सेवाग्रामला पाठवलं, तपासणी करून घेतली. हँडलवरच्या पिशव्या मागच्या कॅरिअरवर हलवल्या. आणि मोजे द्यायचे ठरवलं तेव्हा अडचण कळली. पेपर मोजायला बोटांची टोकं उघडी हवीत. डिसेंबरात पहाटे थंडी असते, तेव्हा ऊब हवी. एप्रिलात तीच वस्तू घामाला पुरायला हवी. रोज वापरून फाटली तर पुन्हा घ्यायला परवडायला हवी. दुकानातल्या एकाही जोडीत हे सगळं एकत्र नव्हतं.

तेव्हा मला जुन्या शर्यतींचे फोटो आठवले. दुकानात नवऱ्याने लावून ठेवलेल्या एका जुन्या युरोपीय पोस्टरवरच्या सायकलस्वाराच्या हातात जाळीचे मोजे आहेत. तळवा चामड्याचा आणि पाठ सुती दोऱ्याने क्रोशाने विणलेली. लायक्रा येण्याआधी कित्येक दशकं शर्यतीतले लोक असेच मोजे वापरत. कापूस तिथे कापड म्हणून येत नाही, जाळी म्हणून येतो. भोकांमधून वारा जातो, म्हणून घाम साचत नाही. ताण विणीतूनच मिळतो, रबर लागत नाही. आणि क्रोशा तर आमच्याकडे घरोघरी आहे. टीव्हीवरचे रुमाल, देवघरातली तोरणं, बाळाच्या टोप्या. माझ्या सासूबाईंच्या हातातून सुई सुटत नाही. मी त्यांना पोस्टर दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे तं साखळी अन् खांबाचंच काम आहे. यात काय आहे?"

त्यात पुष्कळ होतं, ते विणायला घेतल्यावर समजलं. उभा खांब घातला की भोक मोठं पडतं, बोट अडकतं. मुका खांब घातला तर वीण घट्ट होते, वारा जात नाही. सासूबाईंनी अर्ध्या खांबावर वीण आणली. वीस नंबरचा दोरा टिकाऊ पण जाड, चाळीसचा सुबक पण हँडलच्या टोकाला घासून तुटतो. तळव्याला बचत गटातल्या बाईंनी कृत्रिम कापडाचा एकच थर लावला आणि आतून दोन ठिकाणी दाट फेसाचे छोटे तुकडे शिवले, करंगळीखाली एक, अंगठ्याखाली एक, मध्ये मोकळी वाट. शिवण आतल्या बाजूला आली तर ती टोचते, म्हणून बेचक्यात शिवण बाहेर घेतली. हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पहिली जोडी पेपरवाल्या भाऊंना. त्यांनी ती आठवडाभर वापरून आणून दिली, उजव्या हाताच्या तर्जनीपाशी वीण उसवली होती. तिथूनच ते कागद सरकवतात. दुसऱ्या जोडीत त्या बोटाला दुहेरी काठ घातला. डाव्याला लागत नाही, म्हणून डावा तसाच ठेवला.

आता या जोड्या विकायला काउंटरवर आहेत. पेपरवाले, चौकीदार यांना आम्ही दोऱ्या-कापडाची किंमत आणि विणणाऱ्या-शिवणाऱ्या बायकांची मजुरी एवढंच लावतो. बाकीच्यांना त्यावर दुकानाचा नफा. रंगीत जर्सीवाल्या मंडळींनीही त्या मागायला सुरुवात केली आहे, खास करून उन्हाळ्यासाठी. त्यांना मी सांगते, 300 किलोमीटरच्या पुढे जाणार असाल तर एक कोरडी जोडी पिशवीत ठेवा आणि निम्म्या वाटेवर बदला, ओल्या मोज्यात तळवा हमखास सोलवटतो. कुणाचा हात फार सुन्न पडत असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल, मग मोजे, हा क्रम मी अजून कुणासाठी मोडलेला नाही.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही, ती मनगटाची. चिकटपट्टी लावली तर तिचे काटे क्रोशाच्या दोऱ्यात अडकतात आणि दोन धुण्यांत वीण ओढली जाते. सासूबाईंचं म्हणणं, बटण लावा, दोऱ्याचीच काजं करू. मी म्हणते, सुन्न पडलेल्या बोटांनी एका हाताने बटण कोण लावणार? ज्याच्यासाठी मोजा करतोय त्यालाच ते जमणार नाही. बचत गटातल्या बाईंनी मध्ये तिसरंच काढलं आहे. मनगटाशी बंदच नको, नुसता रिबीचा काठ घाला, पायमोज्यासारखा हात आत सरकवता येईल. रिब ढिली पडेपर्यंत किती धुणी टिकते ते बघायला तशा काही जोड्या आता पेपरवाल्यांच्या हातात आहेत.